खालचा माणूस

घर बदलणाऱ्या माणसाला विचारा, "सामान किती आहे?" तो हमखास म्हणतो, "काही नाही हो, दोघांचा संसार." मग ट्रक दारात लागतो, माळ्यावरून एकेक वस्तू उतरायला लागते आणि तो माणूस स्वतःच चकित होऊन बघत उभा राहतो. दोघांच्या संसारातून पाटे-वरवंट्यांच्या जोड्या निघतात. मोडका पाळणा निघतो. त्यात झोपलेलं पोर आता पुण्याला नोकरीत असतं. अशी कितीतरी घरं मी रिकामी होताना पाहिली आणि तितकीच भरताना पाहिली. वर्ध्यात घरसामान हलवण्याच्या कामात माझी उमर गेली. गेली म्हणायचं आपलं, थोडी शिल्लक आहे अजून.

मी हमाल नव्हे, मी बांधणारी. लग्नानंतर मी भांड्यांच्या एका दुकानात कामाला लागले होते. काचेच्या बरण्या, कपबशांचे संच पुठ्ठ्यात असे बांधून द्यायचे की गिऱ्हाईक एसटीने धक्के खात गावी पोचलं तरी आत टिचलेलं काही निघू नये. आमच्या मालकांनी मला तिथेच पाहिलं. त्यांचा सामान हलवण्याचा धंदा नवा होता आणि त्यांची एक मोठी अडचण होती. घरोघरच्या बायका त्यांच्या माणसांना स्वयंपाकघरात शिरू देत नव्हत्या आणि देवघराला तर हात लावायचं नावच नको. मालक म्हणाले, "शोभाबाई, तुमी फक्त किचन आन् देव सांभाळा, बाकीचं हे लोकं पाह्यतील." मी गेले, आणि फक्त किचन सांभाळून माझं कधीच भागलं नाही. माझी जीभ जरा जास्त चालते.

बाहेरच्यांना वाटतं, या कामात फक्त ताकद लागते. ताकदीची माणसं रोज सकाळी बाजार समितीच्या फाटकाशी बसलेली असतात. जिना उतरता येणारा माणूस मात्र शोधावा लागतो. कपाट सपाट जमिनीवर असेपर्यंत त्याचं वजन सगळ्यांत वाटलेलं असतं. जिन्यावर ते तिरपं झालं की सगळा भार खाली सरकतो आणि खालच्या माणसाच्या छातीवर येऊन बसतो. वरच्याचा हात सुटला तर वरचा दचकतो. खालच्याचा सुटला तर तो स्वतःच कपाटाखाली जातो. त्यातून तो उतरतो उलटा, तोंड कपाटाकडे आणि पाठ वाटेकडे. आपण पाय कुठे टाकतोय हे त्याला दिसत नाही. म्हणून आमच्यात खालच्याचं ऐकायची रीत आहे. जिन्यावर तो म्हणेल ते खरं, मालक मध्ये बोलले तरी त्यांना कोणी जुमानत नाही.

आमचा खालचा माणूस म्हणजे गजूभाऊ. वर्ध्याजवळच्या सेलूकडचा, बेताच्या उंचीचा, शिडशिडीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा काय कपाट उचलणार, ह्यालाच कोणीतरी धरून न्यावं लागेल. पण त्याने दोरीची गाठ मारली आणि मी गप्प झाले. चालता चालता एका हाताने मारलेली ती गाठ ट्रक नागपूरला पोचेपर्यंत ढिली होत नसे आणि सोडताना एका झटक्यात सुटे. मला चांगली गाठ कळते, त्यामुळे त्या दिवसापासून मी त्याला मानलं.

बुटांची गोष्ट सांगितल्याशिवाय गजूभाऊ कळणार नाही. आपल्याकडे परक्याच्या घरात चपला घालून जात नाहीत, त्यामुळे आमची माणसं पुरुषभर उंचीचं कपाट अनवाणी नेत. बोटं ठेचली जात, नखं काळी पडत. मालकांनी जाड तळव्याचे बूट आणून दिले, पण ते उंबऱ्याबाहेरच राहायचे. यावर तोड गजूभाऊने काढली. त्याने घरात घालायचे बूट वेगळे ठेवले, धुतलेले, पिशवीत घातलेले. दारात उभा राहून तो घरच्या बाईला बुटांचे तळवे दाखवायचा. "पाहून घ्या काकू, हे रस्ता नाई पाह्यलेले बूट हायेत." बायका हसायच्या आणि आत घ्यायच्या. हळूहळू सगळेच पिशवीतून बूट काढायला लागले.

आता शंकरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापासूनच सुरू झालं.

गजूभाऊ आणि शंकर दोघंही आधी कापसाच्या बाजारात हमाली करायचे. तिथला भार एकट्याचा असतो, आपलं पोतं आपल्या पाठीवर. आणि तिथे एक अलिखित कायदा होता. मध्येच पोतं टेकवणाऱ्या माणसाची सगळा बाजार थट्टा करायचा. त्याला दिवसभर 'बाई' म्हणायचे, नाकात बोलून दाखवायचे. मला या थट्टेचा तेव्हाही राग यायचा. बाई असती तर तिने शहाणपणाने वेळेवर पोतं टेकवलं असतं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. पण ती लाज या लोकांच्या अंगात मुरलेली होती आणि अंगातली लाज घेऊनच ते आमच्याकडे आले. कपाट चौघांचं असतं, एकाचा न बोलण्याचा हट्ट चौघांना भोवतो, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सेलूला एका व्यापाऱ्याचं घर हलवत होतो. खाली दुकान, वर घर. मी स्वयंपाकघरात बरण्या बांधत होते. वरच्या खोलीत तिजोरी होती आणि त्या दिवशी खाली शंकर होता. जिन्याच्या वळणावर त्याच्या दंडात गोळा आला. हे त्याने नंतर सांगितलं. तेव्हा मात्र तो काहीच बोलला नाही. दात आवळून आणखी दोन पायऱ्या उतरू, मग सपाटी येते, असा त्याचा हिशेब. मला फक्त आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि हातातली बरणी तशीच धरून मी जिन्यापाशी धावले होते एवढं आठवतं. तिजोरी कमरेवर आली होती. शंकर वाचला, पण पुन्हा वजन उचलायला उभा राहू शकला नाही. काठी घेऊन चालतो.

शंकर दवाखान्यात असतानाच एका सकाळी गजूभाऊने सगळ्यांना ट्रकपाशी जमवलं. फार बोलणारा माणूस नाही तो. म्हणाला, "आजपासून ज्याले वाटलं त्यानं 'टेक' म्हणायचं. वरच्यानं म्हणो का खालच्यानं. म्हटलं का टेकवायचं. सामान खाली टेकल्याबिगर कोणी 'काऊन' म्हणून इचारायचं नाई. आन् टेकल्यावर कोणी हासायचं नाई."

मालक म्हणाले, "आन् कोणी उगाच म्हटलं तं?"

"तं उगाच टेकवू, मालक. कपाटाले काय घाई हाय?"

नियम झाला, पण पाळला कोणीच नाही. माणसांच्या माना फुगत, हात लाल होत, पण तोंडातून शब्द निघत नसे. तो शब्द त्यांच्या गळ्यातच अडकला होता. गजूभाऊने काही दिवस ते पाहिलं आणि मग जे काढलं ते मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात पाहिलं नाही. त्याने सांगितलं, रोज पहिली वस्तू म्हणून घरातली सगळ्यात हलकी गादी काढायची. एकटा माणूस काखेत मारून नेईल अशी गादी चौघांनी चार कोपरे धरून न्यायची आणि जिन्यात प्रत्येकाने एकेकदा मोठ्याने 'टेक' म्हणायचं. म्हटलं की गादी ठेवायची, सगळे थांबले की पुन्हा उचलायची. मलाही सोडलं नाही. "तुमी बी म्हणा, शोभाबाई. तुमची जीभ चालते, पण ह्या शब्दावर चालते का नाई ते पाहू."

लोक बघत राहायचे. वर्ध्यात एका घरी एक म्हातारे गृहस्थ आरामखुर्चीतून सगळं पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना. "काहो, चार माणसं आन् एक गादी, ते बी दर चार पावलायवर ठेवून राह्यले. कपाट कवा नेसान तुमी, दिवाळीले?"

गजूभाऊ गादीचा कोपरा धरूनच म्हणाला, "काकाजी, तोंड मोकळं करून राह्यलो. कपाटाच्या वख्ती अडाले नाई पाह्यजे."

ते गृहस्थ काय समजले कोण जाणे, पण निघताना त्यांनी मला विचारलं, "बाई, त्यायचं तोंड झालं का मोकळं?"

खरंखुरं पहिलं 'टेक' आमच्या विनोदने म्हटलं, कुलरवर. वर्ध्याचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्याला कुलर म्हणजे काय ते सांगायला नको. माणूसभर उंच पत्र्याचा डबा, पत्र्याची धार सुरीसारखी. आणि आमचा हंगाम नेमका मे महिना, कारण बदल्या तेव्हाच होतात आणि पोरांच्या शाळांनाही सुट्टी असते. दुपारी आम्ही ट्रक झाडाखाली लावून स्वस्थ बसतो, गिऱ्हाईक कितीही चुळबुळ करो. उन्हात तापलेला पत्रा हातात धरवत नाही. त्या दिवशी घरवाले म्हणाले, टाकीतलं पाणी काढलंय. काढलं नव्हतं. जिन्यावर कुलर तिरपा झाला, पाणी एका अंगाला धावलं, त्यासरशी सगळं वजन विनोदच्या बाजूला आलं. विनोद दांडगा गडी, त्याच्या पाठीवर कधी कोणी घाम पाहिला नव्हता. तो म्हणाला, "टेक."

सगळ्यांनी टेकवलं. कोणी काऊन विचारलं नाही. कुलर पायरीवर बसला आणि मग त्यातून बदाबदा पाणी आलं, आणि विनोदच्या तळव्यातून रक्त. एकाच्या ओठाच्या कडेला हसू यायला लागलं होतं, मी पाहिलं. गजूभाऊनेही पाहिलं. त्याने नुसती तिकडे नजर वळवली आणि ते हसू जिथल्या तिथे विरलं. आपला गमछा फाडून त्याने विनोदचा हात बांधला आणि म्हणाला, "बरं केलं बोलला." त्यानंतर तो शब्द आमच्याकडे रोजच्या वापरातला झाला.

माझं काम कसं बदललं तेही सांगून टाकते. शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे गावात एका नव्या घराचा गृहप्रवेश आणि सामान एकाच दिवशी होतं. घरच्या काकूंनी हौसेने जिन्याच्या प्रत्येक पायरीवर रांगोळी काढली होती. ठिपके, पावलं, कमळं. पायऱ्या चकचकीत काळ्या फरशीच्या आणि वर ती बारीक पूड. फ्रिज घेऊन वर चढताना गजूभाऊचा पाय सरकला, गुडघा पायरीवर आपटला, पण फ्रिज त्याने सोडला नाही. मी काकूंना म्हटलं, "काकू, रांगोळी आमी गेल्यावर काढजा." त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "शुभाची आहे हो ती." मी म्हटलं, "शुभच राहू द्या, म्हणून तर म्हणून राह्यली." मग त्यांनी स्वतः झाडू घेतला, कमळं पुसताना त्यांचे डोळे भरले होते. दाराच्या दोन्ही अंगांना मात्र त्यांनी पुन्हा काढली, आणि ती मघापेक्षा सुरेख उतरली.

त्या दिवसापासून मी जिन्यात खालच्या माणसाच्या दोन पायऱ्या खाली उभी राहायला लागले. एका हातात लाकडी ठोकळा. सामान टेकवलं की तो खाली सारायचा. आणि तोंडाने पुकारायचं: पायरी, पायरी, शेवटची, आता टप्पा, डावीकडे भिंत. गजूभाऊ माझ्या आवाजावर पाय टाकायचा. त्याने एकदाही मागे वळून खात्री केली नाही. आयुष्यात कोणी माझ्या बोलण्यावर इतका भरवसा ठेवला असेल असं मला वाटत नाही. सख्ख्या नवऱ्यानेही नाही.

म्हणूनच त्याच्यात काही बिघडलंय हे आधी माझ्या लक्षात आलं. मी खालून त्याची पाठ आणि हात पाहत असे, बाकीच्यांना कपाटच दिसे. तो तंबाखूत चुना मळायचा आणि चुन्याचा खडा तसाच राहायचा, बोटांना समजायचाच नाही. मग एक दिवस तो सहज म्हटल्यासारखा म्हणाला, "शोभाबाई, तेवढी गाठ मारता का?" गजूभाऊ दुसऱ्याला गाठ मारायला सांगतोय.

मी त्याला ट्रकच्या मागे गाठलं. "बोटायले काय झालं?"

"मुंग्या येते."

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. मानेतली शीर दबली म्हणते. कपाटायचं नाई हे, पोत्यायचं हाय. लहानपणापासून मानेवर वाह्यली ना."

"मंग खाली काऊन उभे राह्यता?"

तो बुटांकडे पाहत म्हणाला, "खाली नाई तं मी कोठी उभा राहू? सारी जिंदगी खाली गेली माही."

हा माणूस खालच्या जागेवरून हलला तर उरतो काय, हा त्याचा खरा प्रश्न होता, आणि तो मला पुरता समजत होता. पण दोन पायऱ्या खाली मी उभी असते, हेही खरं होतं. मी तसं म्हटलं. म्हटलं, "तुमी पडले तं माह्यासकट पडसान. आन् मालकाले सांगाची पाळी माह्यावर आणू नका."

"लागलं तं टेक म्हणीन ना म्या."

"गादीवर समदेच म्हणते."

तो कसनुसा हसला. मी म्हटलं, "तुमी नाई म्हटलं, तं मी म्हणीन."

"म्हणजा," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतरचं काम एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं. जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर घर. त्यांच्या बाईंचे गुडघे जिना चढू देईनात, म्हणून दोघं पिपरी मेघेला तळमजल्यावर राहायला निघाले होते. गिऱ्हाईक असं असावं. सरांनी कपाटातली सगळी पुस्तकं आदल्या दिवशीच काढून ठेवली होती, बाईंनी माझ्यासाठी जुने मऊ कपडे गोळा करून ठेवले होते बरण्यांना गुंडाळायला. कपाट सागवानी, बाईंच्या वडिलांनी करून दिलेलं. रिकामं असूनही दोन वरच्यांना घाम फोडील असं. आणि जिना अरुंद, मधे वळण, खाली एकच माणूस मावेल एवढा.

सकाळी गादी झाली. सरांनी विचारलं, हे काय, तर गजूभाऊने त्यांना नियम समजावून सांगितला. सर म्हणाले, "म्हणजे मीही काही विचारायचं नाही?" "टेकल्यावर इचारा, सर." गादीवर गजूभाऊने नेहमीसारखं खणखणीत 'टेक' म्हटलं. मला त्या आवाजाची चीड आली.

मग कपाट निघालं. गजूभाऊने खांद्यावरून वजन पेलायचा पट्टा घेतला, छाती टेकवली आणि मी पुकारायला लागले. पहिला जिना नीट उतरला. वळणही नीट झालं, भिंतीला ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर मी पाहिलं, त्याच्या डाव्या हाताची बोटं पट्ट्यावर होती, पण पट्टा धरून नव्हती. नुसती ठेवलेली होती. माझं 'पायरी' तोंडातच राहिलं. वर ते कपाट, मध्ये हा, खाली मी, आणि मला त्या क्षणी सेलूचा तो आवाज ऐकू आला. मी 'टेक' म्हणायला तोंड उघडलं.

त्याआधी तो बोलला. "टेक."

गादीवरचा तो आवाज नव्हता. हळू, जड, घसा खरवडून निघालेला. वरच्या दोघांनी कपाट मागे कलतं करून पायरीवर बसवलं, मी ठोकळा सारला, हलवून पाहिला. कपाट बसलं. वर कठड्याशी सर उभे होते. त्यांचं तोंड उघडलेलं दिसलं आणि मग त्यांनी ते मिटलं. गजूभाऊच्या हाताखाली शिकलेल्या त्या दोघा गड्यांनी तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, छताकडे पाहत राहिले, त्याला सवड मिळावी म्हणून.

मग तोच म्हणाला, "माही बोटं पट्टा धरून हायेत का नाई, मले समजून नाई राह्यलं. आता विनोदले बोलवा."

विनोद ट्रकपाशी होता. मी हाक मारली. तो वर आला तेव्हा गजूभाऊने आपला पट्टा काढून त्याच्या खांद्यावर घातला आणि बकल लावायला गेला. बोटं बकलावरून घसरत राहिली. विनोद तसाच खाली मान घालून उभा राहिला. शेवटी मी मध्ये हात घालून बकल लावलं, आणि गजूभाऊने ओढून पाहिलं, नीट लागलंय की नाही.

वजन सावरून धरणाऱ्याचं सगळे कौतुक करतात. आमच्या धंद्यात अशा पराक्रमाच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्याही आहेत. पण मला विचाराल तर त्या जिन्यात मी पाहिलं त्याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही. आयुष्यभर ज्या माणसाच्या जिवावर इतरांनी वजन सोडलं, त्याने चारचौघांत सांगितलं की आता माझ्यावर सोडू नका. मला तेव्हा रडू आलं. ठोकळा धरायचा होता म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

गजूभाऊ अंग चोरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी पुकारणार तोच त्याने हाताने मला थांबवलं आणि स्वतः पुकारायला लागला. "पायरी. हळू. पायरी. विनोद, टाच भिंतीकडं घे." मी प्रथमच जिन्यात गप्प होते. कपाट खाली पोचलं, विनोद पाण्याच्या बाटलीकडे गेला, आणि गजूभाऊ रिकाम्या जिन्याकडे पाहत म्हणाला, "शोभाबाई, एवढे जिने उतरलो, पण उतरताना पायऱ्या कशा दिसते हे आज पाह्यलं."

आता तो आणि मी दोघं जिन्यात असतो. गिऱ्हाईक विचारतं, हा माणूस नुसता उभा कशासाठी? मालक त्यांच्या परीने समजावतात. मी म्हणते, तो उभा आहे म्हणून बाकीचे धडपणे घरी जातात.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. काम संपवून संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे शंकरकडे गेलो. एसटी स्टँडजवळ त्याची चहाची टपरी आहे. उंच स्टुलावर बसून तो चहा करतो, काठी स्टुलाला टेकवलेली असते. गिऱ्हाइकासाठी तो उठत नाही. ग्लास ज्याचा त्याने फळीवरून उचलायचा.

गजूभाऊ म्हणाला, "शंकर, आज म्या टेक म्हटलं."

"गादीवर?"

"कपाटाखाली."

शंकरच्या हातातली गाळणी थांबली. "मंग?"

"टेकवलं."

"हासलं कोणी?"

"नाई."

शंकरने चहा गाळायला घेतला. ग्लास भरत असताना, वर न पाहता त्याने विचारलं, "त्या दिवशी सेलूले म्या म्हटलं असतं, तं?"

काहीतरी बरं वाटेल असं बोलता आलं असतं. मी असते तर बोलले असते. गजूभाऊ म्हणाला, "तवा हासलो असतो आमी. मीच समद्यात आधी. आज कोणी हासलं नाई ते तुह्यापायी."

विनोदने ग्लास उचलला, मी माझा उचलला. गजूभाऊने फळीकडे हात केला, तेव्हा शंकरने त्या बोटांकडे पाहिलं. मग त्याने काठी घेतली, स्टुलावरून उतरला आणि टपरीला वळसा घालून, एक पाय ओढत, गजूभाऊचा ग्लास घेऊन बाहेर आला.

"हातात नको घेऊ, गरम हाय, तुले समजाचं नाई," तो म्हणाला आणि ग्लास बाकावर त्याच्यापुढे ठेवला. "टेकू दे जराक."

मग तोही बाकावर बसला, आणि चहा निवेपर्यंत आम्ही सगळे तिथे थांबलो.